दोन काठ, दोन स्पीकर आणि आखाजीच्या शिव्या

१८ मे २०२५ ला आखाजीच्या गाण्यांवरचा आमचा दृकश्राव्य प्रयोग झाला. पन्नास मिनिटांचा. पहिलं गाणं रेकॉर्ड केल्यापासून तिथवर यायला एक वर्ष आणि आठ दिवस लागले. नंतर तिघा-चौघांनी फोन केले, ‘आम्हालाही आमच्याकडच्या गाण्यांवर असं काही करायचंय, सुरुवात कुठून करू?’ प्रत्येकाला तासभर सांगत बसण्यापेक्षा एकदा लिहून टाकलेलं बरं. आम्ही पाच जण, पाचही नोकरदार. मी पतसंस्थेत कॅशियर. कॉलेजात एकांकिका केल्या होत्या, एवढीच पुंजी. त्यामुळे कुठे चुकलो तेच जास्त लिहिणार आहे.

खान्देशाबाहेरच्यांसाठी थोडं आधी. अक्षय्य तृतीया म्हणजे आमची आखाजी. काही घरांत दिवाळीपेक्षा मोठी. लेकी माहेरी येतात, कडुनिंबाला झोके बांधले जातात, आमरस-पुरणपोळी होते, पितरांच्या नावानं घागर भरतात. सालदाराचं साल आखाजीला संपतं आणि आखाजीलाच नवं धरलं जातं. पुरुष उघड्यावर पत्ते कुटतात आणि त्या दिवशी त्यांना कोणी काही म्हणत नाही. बायांची असते गौराई, म्हणजे घरात बसवलेली गौर. तिची गाणी अहिराणीत, आजीकडून नातीकडे तोंडी आलेली.

माझ्या आईचं माहेर भडगाव तालुक्यात, गिरणेच्या काठी. आई सांगायची, गौराई बोळवायला नदीवर गेलं की अलीकडच्या गावच्या बाया या काठाला, पलीकडच्या गावच्या त्या काठाला, मधे वैशाखातलं कोरडं पात्र. मग गाण्यातून शिव्या सुरू. तुमच्या विहिरीचं पाणी कसं, तुमचे जावई कसे, तुमच्या पाटलाची मिशी कुणी चाटली. तास-तासभर, घसा बसेपर्यंत. आणि पुढच्या बाजारी त्याच बाया एकमेकींना पोराबाळांची ख्यालीखुशाली विचारणार. आईनं हे केलंय. मी कधी पाहिलं नाही. मला कळायला लागलं तोवर आमच्याकडे ते जवळजवळ बंद पडलं होतं.

२०२३ च्या दिवाळीत मित्राच्या गच्चीवर मी हे रंगवून सांगत होते. आमच्यातला एक जण सुट्टीच्या दिवशी मंडपवाल्याकडे साउंड सांभाळतो. तो ऐकून म्हणाला, “मग प्रेक्षकांना नदीत बसवू.” म्हणजे प्रेक्षक मधोमध, डाव्या भिंतीला एका गावचा आवाज, उजव्या भिंतीला दुसऱ्या गावचा, समोर पडद्यावर नदीचं पात्र. पुढचं सगळं त्या एका वाक्यातून निघालं.

एप्रिल २०२४ मध्ये मामाच्या गावाला पहिली खेप. एसटीत बायांना अर्धं तिकीट, त्यामुळे पुढच्या वर्षभरात किती खेपा झाल्या ते खिशाला फारसं जाणवलं नाही. मारुतीच्या पारामागे एका ओट्यावर सात-आठ म्हाताऱ्या बसल्या होत्या. “तू कोनी आंडेर वं?” म्हणजे तू कुणाची लेक गं, हा पहिला प्रश्न. आईचं नाव, मामाचं नाव, आजोबांचं नाव असं सगळं सांगून झालं तेव्हा बसायला गोणपाट पुढे आलं. मी मोठ्या हौसेनं पिशवीतून रेकॉर्डर काढला आणि म्हटलं, दोन गाणी म्हणा ना. सगळ्यांत वडील होत्या त्यांना अख्खं गाव मोठी माय म्हणतं. त्यांनी रेकॉर्डरकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, म्हणाल्या, “आते नही. आखाजीले ये.”

गौराई बसल्याशिवाय गौराईची गाणी म्हणायची नाहीत. त्या गावच्या भाचीला हे माहीत असायला हवं होतं. तुम्ही कुठल्याही सणाच्या गाण्यावर काम करणार असाल तर आधी पंचांग उघडा, मग यंत्रं विकत घ्या. मी उलट केलं होतं. झूम कंपनीचा जुना छोटा रेकॉर्डर ८,५०० रुपयांना घेऊन बसले होते आणि तो महिनाभर कपाटात पडून राहिला.

१० मे २०२४, शुक्रवार, आखाजी. ऊन असं की फोनवर व्हिडिओ घेताना अकराव्या मिनिटाला फोन तापून आपोआप बंद. तीनच दिवसांवर लोकसभेचं मतदान, त्यामुळे प्रचाराच्या रिक्षा गल्लीगल्लीतून फिरत होत्या. चार चांगल्या गाण्यांच्या मधोमध ‘ताई माई अक्का’ आलेलं आहे. वैतागून सावलीत बसलो तर मोठी माय म्हणाल्या, त्यांचंही गाणंच आहे, म्हणू दे. संध्याकाळी झोक्यावरची आणि गौराईची मिळून चौदा गाणी मिळाली.

इथं रेकॉर्डिंगचं थोडं सांगते. एमपीथ्रीत घेऊ नका. वेव्ह फाइल, ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट. जागा जास्त खाते, पण मोठ्या स्पीकरवर फरक कळतो. घरात घेणार असाल तर पंखा बंद करायला सांगा आणि वैशाखात पंखा बंद करायला सांगितल्याबद्दल आधी सगळ्यांना ताक पाजा. प्रत्येक गाण्याआधी आपल्याच आवाजात तारीख, गाव आणि गाणारीचं नाव बोलून ठेवा. हे मी हेमा राईरकर आणि गी पोइतवाँ यांच्या जात्यावरच्या ओव्यांच्या संग्रहावरून उचललं. एक लाखाहून जास्त ओव्या आहेत त्यात, आणि ओवीपाशी गाणारीचं नाव, गाव लिहिलेलं. नाव नसेल तर दोन महिन्यांनी आपल्याच संगणकावर ‘न्यू फाइल २३’ कुणाच्या तोंडची ते आठवत नाही. माझ्या दोन फाइलींचं तसं झालंय.

शिव्यांची गाणी मात्र संध्याकाळच्या त्या गर्दीत मिळाली नाहीत. दुसऱ्या दिवशी दुपारी मोठ्या मायच्या घरात सहा जणी जमल्या, पुरुषांना पत्ते खेळायला पिटाळलं, कडी घातली. मोठ्या मायनं पदर तोंडावर घेतला आणि पहिली ओळ म्हटली. बाकीच्या पाच जणी हसून हसून एकमेकींच्या अंगावर पडल्या. त्यातली एक डोळे पुसत मागच्या ओळी धरत होती. मधेच थांबून मोठी माय माझ्या वहीकडे बोट करायच्या: “हाई लिखजो नको.” मी पेन खाली ठेवायची. गाणं पुढे जायचं, मग त्याच खूण करायच्या, आता लिही. अशा तीन जागा आहेत. त्या माझ्या वहीत कोऱ्या आहेत आणि रेकॉर्डिंगमधून त्याच रात्री त्यांच्यासमोर पुसल्या.

मग कागदपत्रं. गटातल्या एकाची बहीण वकील, तिनं समजावलं ते माझ्या शब्दांत सांगते. पारंपरिक गाण्याला मालक नसतो, ते कुणीही म्हणावं. पण अमुक बाईनं अमुक दिवशी म्हटलेलं गाणं आपण रेकॉर्ड केलं की त्या सादरीकरणावर तिचा हक्क आला. कॉपीराइट कायदा १९५७, कलम ३८, मुदत ५० वर्षं. म्हणजे संमती हवी, ती लेखी हवी, आणि कशासाठी ते स्पष्ट हवं: फक्त प्रयोगात वापरायचं की यूट्यूबवरही टाकायचं. आम्ही दोन वेगळे रकाने केले. सहाही जणींनी पहिल्यावर सही-अंगठा दिला आणि दुसऱ्यावर नाही म्हटलं. म्हणूनच हे यूट्यूबवर सापडणार नाही, शोधू नका. याच न्यायानं यूट्यूबवरून उतरवलेलं कुणाचं तरी तयार अहिराणी गाणंही प्रयोगात घालता येत नाही. गाणं जुनं असलं तरी ते रेकॉर्डिंग, ते संगीत कुणाचं तरी असतं. आमच्यातल्या एकानं तसा एक ट्रॅक मधे चिकटवला होता, तो काढला.

संमतीपत्र मराठीत छापून नेलं होतं. वाचून दाखवलं, कुणाच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. मग तेच अहिराणीत सांगितलं. एक आजी अंगठा पुढे करता करता थांबल्या: “सातबारावर सही तं नही लेस ना वं?” हसू आलं, पण त्यांनी विचारलं ते बरोबरच होतं. तेव्हापासून कागद आधी घरातल्या शिकलेल्या नातवंडाला वाचायला द्यायचा, दोन दिवस जाऊ द्यायचे आणि मगच सही घ्यायची असं ठरवलं.

जून ते ऑगस्ट संहिता. हे मी सोपं समजत होते. अहिराणी बोलते मी, पण लिहायला बसले की हात अडतो. आमच्याकडे ‘ळ’चा ‘य’ होतो, काळा तो ‘काया’, डोळा तो ‘डोया’. आता पडद्यावर ‘काया’ आलं की पुण्याचा माणूस शरीर समजणार. ब्रिटिश काळातल्या ग्रिअर्सनच्या भाषासर्वेक्षणात १९०७ च्या खंडात खान्देशी, म्हणजे आपली अहिराणी, भिल्ली बोलींसोबत घातलीय, ते चाळून बघितलं. रोमन लिपीत आपली आजी बोलताना ‘वाचायला’ विचित्र मजा येते, पण आमचा प्रश्न काही सुटला नाही. शेवटी ठरवलं की कानाला येतं तसं लिहायचं आणि पडद्यावर अर्थ द्यायचाच नाही, फक्त ओळ दाखवायची. आमच्यात यावरून भांडण झालं. दोघांचं म्हणणं, मराठीत अर्थ हवाच. मला वाटतं शिवी समजावून सांगितली की मरते. माझं चाललं. अर्थासाठी एक छापील पान तिकिटाबरोबर द्यायचं ठरलं.

गौराई रंगमंचावर आणायची का, हाही एक विषय होता. नेपथ्यवालीनं सुंदर चित्रं काढली होती. मी ती मोबाइलवर मोठ्या मायना दाखवली. त्यांनी बोटानं एकेक सरकवत पाहिली, छान म्हणाल्या आणि फोन परत देताना म्हणाल्या, “गौराईले तथा नको लई जाजो.” गाणी न्या, झोका न्या, आम्हाला न्या, ती घरात राहील. चित्रं रद्द. रंगमंचावर एक रिकामा झोका आणि दोर, बास. नेपथ्यवाली दोन आठवडे माझ्याशी धड बोलत नव्हती. आता तीच म्हणते बरं झालं.

पडद्याचं सांगायलाच हवं. माझी कल्पना अशी की आजीबायांची जुनी लुगडी जोडून पडदा करायचा आणि त्यावर नदी दाखवायची. कानाला फार गोड वाटतं. प्रत्यक्षात आमच्याकडची लुगडी गडद हिरवी, गडद लाल. प्रोजेक्टरचा प्रकाश त्यात असा बुडाला की नदीच दिसेना. ३,००० ल्युमेनचा प्रोजेक्टर आणून पाहिला, तरी चिखल. पांढरं हवं. मामी सहज म्हणाल्या, धोतरं घ्या की. मामांची, शेजारच्या आप्पांची, अशी आठ जुनी धोतरं गोळा झाली. उभी जोडून शिवली. बायांच्या शिव्यांची नदी पुरुषांच्या धोतरांवर वाहिली, यावर गावात जे विनोद झाले ते इथे देत नाही. हॉलच्या पंख्यांनी पडदा हलायचा, म्हणून खालच्या काठाला नेफा करून त्यात गिरणेची वाळू भरली. साडेचार किलो. पिशवी घेऊन नदीतून वर येत होते तर ट्रॅक्टरवरचा एक पोरगा ओरडला, “ताई, पावती फाडली का?”

संगणकाचं काम त्या मानानं निमूट झालं. आवाज ऑडॅसिटी या सॉफ्टवेअरमध्ये साफ केला, फुकट आहे. ८० हर्ट्झच्या खालचं काढलं की वाऱ्याची घरघर जाते. त्यापुढे हाव धरू नका. मी एका गाण्यातला सगळा खरखराट काढला तेव्हा मोठी माय विहिरीच्या तळातून बोलल्यासारख्या ऐकू आल्या. चित्र ओबीएस या सॉफ्टवेअरवरून दोन प्रोजेक्टरना. एचडीएमआय केबल दहा-पंधरा मीटरच्या पुढे साधी चालत नाही, चित्र मधेच जातं. भाड्यानं घेताना फायबरची मागा.

सार्वजनिक प्रयोग करायचा तर संहितेला रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र लागतं. सप्टेंबरात अर्ज आणि संहितेच्या प्रती मुंबईला पाठवल्या. यात माझीच एक चूक झाली. पडद्यावर जो मजकूर दिसणार होता तो मी संहितेत धरलाच नव्हता. गाणी, निवेदन, सूचना सगळं होतं, पण चित्रात येणाऱ्या ओळी म्हणजे ‘व्हिडिओ’, संहिता नव्हे, असं डोक्यात. लक्षात आलं तेव्हा सुधारित प्रत पुन्हा पाठवली. दृकश्राव्य काही करणार असाल तर प्रेक्षकाच्या कानावर आणि डोळ्यावर जे जे शब्द पडणार ते सगळे एका फाइलीत टाका, आणि अहिराणीसारखी बोली असेल तर समोर मराठी अर्थही लिहा. शिव्यांसकट. मी ते अर्थ टाइप करत असताना नवरा मागून वाचत होता, तो हळूच उठून गेला.

हॉल ऑक्टोबरात मिळेल असं वाटलं होतं. १५ ऑक्टोबरला विधानसभेची आचारसंहिता लागली आणि तारखा सभांना, मेळाव्यांना गेल्या. आम्हाला २२ डिसेंबर मिळाली. भाडं २२,०००, डिपॉझिट १०,०००. तालमी सुरू. प्रमाणपत्रही हातात आलं. सगळं सुरळीत चाललंय म्हणताना २८ नोव्हेंबरला रात्री साडेनऊला मोठ्या मायच्या मुलाचा फोन आला. आधी तब्येतपाणी, मग थोडा खोकला, मग: “ताई, तं शिव्यांचं गाणं तेवढं काढून टाका.”

झालं होतं असं की त्यांच्या मुलीची, म्हणजे मोठ्या मायच्या नातीची, सोयरीक जमली. पलीकडच्या गावात. आता आजी पलीकडच्या गावाला, तिथल्या पाटलाला, तिथल्या जावयांना गाण्यातून काय काय म्हणतेय ते जळगावात हॉलमध्ये वाजणार, आणि व्याही तिकीट काढून ऐकणार. गावाची नावं आम्ही आधीच काढली होती, पण पाटलाच्या मिशीवरून अर्धा तालुका ओळखेल.

माझ्याकडे सही होती, कागद होता, कलम ३८ होतं. प्रयोगाला चोवीस दिवस राहिलेले. पाच जण रात्री बाराला चहाच्या टपरीवर बसलो. एक जण म्हणाला, कागद आहे, वाजवू. पतसंस्थेत दहा वर्षं बसल्यामुळे मला एवढं कळतं की सही असली तरी ज्यानं केली त्याच्या दारात परत जावंच लागतं. हॉल रद्द केला. डिपॉझिटचे ५,००० कापले गेले. लोकांना मेसेज टाकले. त्या आठवड्यात मला खरंच वाटलं होतं की हे काही आपल्याच्यानं होत नाही.

जानेवारीत, संक्रांतीनंतर, मी पलीकडच्या गावी गेले. मोठ्या मायनंच सुचवलं: मला विचारू नको, तिकडच्यांना विचार. सोबत वाण म्हणून तिळगूळ घेतला होता. होणाऱ्या विहीणबाईंच्या ओट्यावर पुन्हा तेच, तू कोनी आंडेर वं, पुन्हा तीन पिढ्यांची नावं. मी घाबरत घाबरत सगळं सांगितलं आणि लॅपटॉपवर गाणं लावलं. मोठ्या मायचा आवाज. विहीणबाई भुवया चढवून ऐकत होत्या. गाणं संपलं. मागच्या एक काकू पुढे सरकल्या आणि माझ्यावरच उखडल्या: “एकच बाजूनं ऐकी लिधं, आते आमनं कोन ऐकी?”

त्यांचा राग शिव्यांवर नव्हताच. त्यांना उत्तर द्यायची पाळी मिळाली नाही, हा राग होता. आणि मी काय केलं होतं तर उजव्या भिंतीवर पलीकडच्या गावचा म्हणून मामाच्याच गावच्या बायांचा आवाज लावणार होते. सगळं अलीकडच्या काठावरच उरकलं होतं. सोयरीक जमली नसती तर मला हे कधी कळलंही नसतं.

त्यांची उत्तरं लगेच हवी होती, पण गाणं आखाजीलाच. यावर तोडगा त्यांनीच काढला: शब्द आता सांगू, चाल लावून म्हणू ती आखाजीला. एका दुपारी शब्द उतरवून घेतले, कोरड्या आवाजात, बाजाराची यादी सांगावी तसे. ते संहितेत घालून फेब्रुवारीत बदललेली संहिता पुन्हा मंजुरीसाठी पाठवली. पोलीस ठाण्याचा अर्ज, ध्वनिक्षेपक रात्री दहाच्या आत बंद, हे सगळं दुसऱ्यांदा करताना झटपट झालं. कोणत्या टेबलावर कोण बसतं ते माहीत झालेलं असतं.

३० एप्रिल २०२५, बुधवार, आखाजी. मी पतसंस्थेत रजा टाकून पलीकडच्या काठावर. या वेळी बॅटऱ्या तीन जोड, फोनवर ओला रुमाल. विहीणबाईंसह पाच जणींनी म्हटलं आणि जे जानेवारीत यादीसारखं सांगितलं होतं ते असं उसळून आलं की रेकॉर्डरचा लाल दिवा लागला, आवाज फाटला. मी हातानं खाली, खाली अशी खूण करत होते. त्यांना वाटलं, अजून जोरात. पातळी नेहमी थोडी कमीच ठेवा.

मग १८ मे. दोन प्रोजेक्टर, साउंड, लाइट मिळून दोन दिवसांचे ३३,०००. अकरा गाणाऱ्यांना प्रत्येकी २,००० मानधन. काही जणींनी घ्यायलाच नकार दिला, मग खण-नारळाबरोबर पाकिटात घालून ओटीत दिलं. दोन गाड्यांचे ९,०००. जेवण, छपाई, टपाल, कापलेलं डिपॉझिट असं सगळं धरून वर्षभरात १,१२,८०० रुपये गेले. तिकीट १०० रुपये ठेवलं होतं, २७१ गेली. उरलेले पाच जणांनी खिशातून, प्रत्येकी १७,१४०. कुठे प्रायोजक बघायला हवा होता, पण शिव्यांच्या कार्यक्रमाला बॅनर द्यायला कोण येणार.

दोन्ही गावच्या मिळून पंचवीस-तीस बाया आल्या. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, पण अलीकडच्या डाव्या भिंतीला आणि पलीकडच्या उजव्या भिंतीला जाऊन बसल्या. अंधार झाला, धोतरांवर गिरणेचं पात्र आलं, झोक्याच्या दोराचा करकर आवाज. पहिली गाणी नीट गेली. मग शिव्यांची पाळी. आणि डाव्या भिंतीतून पलीकडच्या गावचा आवाज आला.

दुपारी पाऊस-वाऱ्यात वीज गेली होती. जनरेटरवर घेताना मिक्सरच्या वायरी काढून परत जोडल्या, त्यात डावं-उजवं उलटं झालं होतं. आम्हाला कंट्रोलमधे कळलंही नाही. उजवीकडून एक काकू अंधारात उभ्या राहिल्या आणि खणखणीत ओरडल्या, “हाऊ तं मना आवाज! मालेच शिव्या देई ऱ्हायना का?” हॉलमध्ये जो हशा झाला त्यात पुढची दोन कडवी कुणाला ऐकू आली नाहीत. साउंडवाल्या मित्रानं मधल्या निवेदनात वायरी बदलल्या. अर्थाच्या पानावर लोकांनी नंतर लिहून विचारलं, ती काकू नाटकातली होती का. वायरींना आता लाल आणि हिरवी चिकटपट्टी आहे आणि त्यावर मार्करनं दोन्ही गावांची नावं.

एक काम राहिलं होतं. अकरा जणींपैकी चौघींनी विचारलं होतं की सरकारच्या ज्येष्ठ कलावंत मानधनाच्या अर्जाला याचा उपयोग होईल का. त्या अर्जाला कलेचे पुरावे जोडावे लागतात, आणि आयुष्यभर ओट्यावर गायलेल्या बाईकडे पुरावा कुठून येणार. आम्ही प्रत्येकीला तारीख, ठिकाण, गायलेली गाणी लिहून पत्र दिलं, प्रयोगातले फोटो जोडले. एका प्रयोगानं भागत नाही, बऱ्याच वर्षांचं काम दाखवावं लागतं, हे त्यांना स्पष्ट सांगितलं. तुम्ही करत असाल तर पहिल्या भेटीपासूनच फोटो काढून तारखेसह ठेवा. आपल्यापेक्षा त्यांना जास्त लागतात.

सगळ्या रेकॉर्डिंगची पेनड्राइव्ह दोन्ही गावांत एकेक दिली. परवा मोठ्या मायच्या नातीचा फोन आला होता, लग्न मार्गशीर्षात आहे, आमंत्रण द्यायला. तिच्या होणाऱ्या सासूनं मोबाइलवर आजीचं गाणं रिंगटोन म्हणून लावून घेतलंय म्हणे. फक्त विहिणीच्या फोनला.